गणूचं जावळ आन साखऱ्याची वाट

तुमच्यापैकी साखऱ्याला कोण गेलंय? कोणीच न्हाई, मला माहीत हाय. आपल्या जवळा बाजारातले लोक औंढ्याला उठसूट जातात, परभणीला जातात, पण सेनगावाच्या पल्याडचं साखरा म्हणलं का म्हणतात, "तिकडं काय हाय रे बाबा?" तिकडं माझी सासुरवाडी हाय! आन मी बायको-लेकरांसगट, सोता बैल हाकून, तिथं जाऊन परत आलोय. सगळे मला इचारून राहिले, 'काय झालं, काय झालं?' एकेकाला सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढतो. एका दमात वाचा, मधी उठू नका.

आधी जायचं काहून ते सांगतो. आमच्या गणूला तिसरं वरीस लागलं आन त्याचं जावळ काढायचं राहिलं होतं. केस पार खांद्याच्या खाली. आमच्या थोरल्या चिमीची माय, म्हणजे माझी बायको, रोज तेल लावून त्याची वेणी घालायची. तुमी त्याला 'गणी' म्हणून चिडवायचे, ते बी मला माहीत हाय. पण जावळ उतरवायचं ते मामाच्या मांडीवर, आन खरी भानगड मामाचीच होती.

गणूच्या बारशाला कोंडिबा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, साखऱ्याहून इतक्या लांब आला. आन गर्दीत आमच्या चुलत्यानं त्याला दुसऱ्या पंगतीला बसवला. लेकराचा मामा, आन दुसरी पंगत! कोंडिबा पंगतीतून उठला. उभ्यानं पाणी पिला, बैल जुपले आन गेला. तवापासून ना निरोप, ना भाऊबीज, ना बहिणीला न्यायला येणं.  चिमीच्या मायनं फक्त त्या केसांना कातर लागू दिली न्हाई. एक दिवस म्हणली, "दादा कितीबी रागावला तरी जावळाला न्हाई म्हणणार न्हाई." म्हणजे बघा, तिचं सगळं माहेर त्या एका वेणीला लटकलं होतं. एका कापूसवाल्याच्या हाती निरोप धाडला. उत्तर आलं, "या म्हणावं." बस्स. त्या 'या'मधी राग किती आन माया किती, हे ती आठ दिस मला इचारत होती.

औंढा

माघाचा महिना, हवा गार, रान ज्वारीनं भरलेलं. बाप म्हणला, "सालदाराला संगं घेऊन जा." मी म्हणलो, "मला काय गाडी हाकता येत न्हाई?" बापानं बैलांकडं बघितलं. बैलांनी बी बापाकडं बघितलं. मी कासरा धरला.

आता ज्यांना वाटतं का परवास म्हणजे रान बघायचं, डोंगर बघायचा, त्यांनी पाच वर्सांची पोरगी गाडीत घालून बघावी. शीव वलांडायच्या आत चिमी सुरू झाली.

"बा, बैलाला मामा असतो का?"

"असतो."

"मंग बैलाचं जावळ काहून काढत न्हाईत?"

"बैलाला गरज न्हाई."

"काहून?"

"चिमे, ते बघ हरीण."

"कुठं हाय?"

हरीण कुठं बी न्हव्हतं. मंग हरीण काहून न्हाई, यावर आमचं औंढ्यापत्तोर चाललं. मधीच गणू मागून माझ्या पाठीवर आला, गळ्यात हात घातले, मला वाटलं काय माया! आन पाठ गरम झाली. सासुरवाडीसाठी म्हणून घेतलेला नवा आंगरखा, पहिल्याच कोसात. चिमीची माय म्हणली, "आता वाळंल. पुढं बघा, बैल ज्वारीत शिरून राहिले."

औंढ्याला तळ्याकाठी धपाटे, दही आन ठेचा खाल्ला. वाटंत बसून खाल्लेल्या धपाट्याला जी चव असती ती घरात न्हाई, हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणली, "घरचेच हायत ते. रातच्याला मीच केले." मंग देवळाच्या दारात आलो. कळमनुरीकडची एक म्हातारी दर्शनाला आली होती, तिनं गणूचा गालगुच्चा घेतला. "किती ग्वाड पोरगी बाई! काय नाव?"

"गणू," चिमी म्हणली.

"गणू? पोरीचं?"

चिमीला आला राग. मी "अगं अगं" म्हणंपत्तोर तिनं गणूचं आंगडं वर करून भर देवळाच्या दारात पुरावा दाखवला. म्हातारी हसून हसून पायरीवरच बसली. मी नागनाथाकडं बघत राहिलो.

मंग देवळाच्या मागं गेलो तर चिमी म्हणती, "बा, नंदी मागं काहून बसवला?" मी म्हणलो, भक्तासाठी देवानं देऊळ फिरवलं, नंदी राहिला मागंच. "मंग तो रुसला न्हाई?" मी हसलो. पण चिमीच्या मायला हसू आलं न्हाई. तिनं नंदीला हळदीकुंकू लावलं, आन देवापेक्षा जास्त येळ त्याच्यापाशीच उभी राहिली.

हिंगोली

हिंगोली म्हणजे काय सांगू! आगगाडीचं ठेसन, छावणीकडचा रुंद रस्ता, दुकानाला लागून दुकान. धर्मशाळेत मुक्काम टाकला आन सकाळी मी म्हणलो, "चला, हाटेलातला चहा पाजतो." आपल्याकडं चहा कवा करतात? कुणाला थंडी-ताप आला तर, न्हाईतर पटवारी आला तर. हिथं माणसं चांगली धडधाकट असून पिऊन राहिली होती! चिमीची माय हाटेलात शिरायला तयार न्हाई, ती गाडीतच बसली. मी लेकरं घेऊन आत गेलो आन हाटेलवाल्या चाचाला एकदम हिंदीत म्हणलो, "दो चाय, बराबर कडक पायजे है."

चाचा म्हणला, "मराठीत बोला भाऊ, तकलीफ घेऊ नका."

चिमीनं बशीतला चहा जिभंला लावला आन अख्ख्या हाटेलला ऐकू जाईल असं इचारलं, "बा, आपल्याला ताप आलाय का?" गणूनं बशीत आख्खा पंजा घातला. पोळला. मंग जे भोकाड पसरलं ते ऐकून दोन गिऱ्हाईकं उठून गेली. चाचानं त्याच्या मुठीत गूळ दिला, "रो मत बेटी," म्हणला, आन चिमी आंगड्याकडं हात न्यायला लागली तसा मी दोघांना काखंत मारून बाहेर पळालो.

आन हिथंच मी ती चूक केली. बाजारात पत्र्याच्या पिपाण्या इकायला होत्या. मला वाटलं, हिच्या तोंडात पिपाणी असली का 'काहून' बाहेर पडायला जागाच राहणार न्हाई. किती शहाणा म्हणायचा मी! चिमीला पिपाणी घेतली. चिमीची माय म्हणली, "बैलांजवळ वाजवू देऊ नका." मी म्हणलो, "आपले बैल पोळ्याला ढोल ऐकतात, पिपाणीला काय भितात?"

सेनगावच्या अलीकडं

कयाधू नदीच्या वाळूतून गाडी काढताना मी बराबर 'हां... हां' करून काढली, हे पहिलं सांगून ठेवतो. कारण पुढचं ऐकून तुमी म्हणाल याला काहीच येत न्हाई.

सेनगाव जवळ आलं होतं. दुपारचं ऊन. चिमीची माय डुलक्या घेऊन राहिली होती, गणू तिच्या बाजूला गाडीच्या साटीच्या कडंला बसलेला. चिमी माझ्या पुढं, दोन बैलांमधल्या दांडीवर, धुरीवर. तिला काय वाटलं कोण जाणे, पुढं सरकली, वाकली आन डाव्या बैलाच्या कानात पिपाणी फुंकली.

बैलाला ढोल माहीत होता, पिपाणी माहीत न्हव्हती.

रस्ता डावीकडं राहिला आन आमी उजवीकडं गेलो. पडीक रान, धोंडे, झुडपं. मी एका हातानं कासरा वढतोय, दुसऱ्या हातानं चिमीला धरलंय आन तोंडानं बैलांना बापाची शपथ घालून राहिलोय. एका चाकाखाली धोंडा आला, गाडी उडाली, गणू बी उडाला आन गोखराच्या झुडपात पडला. गाडी पुढं जाऊन थांबली. आपोआप थांबली, मी थांबवली न्हाई.

लेकराला लागलं काही न्हाई, देवाची किरपा. पण केस! गोखराचे ते बोटाच्या पेराएवढे काटेरी गोळे त्याच्या उजव्या बाजूच्या केसात असे गुतले होते का एक वढला तर चार आत जायचे. चिमीची माय काढायला बसली. गणूनं आभाळ डोक्यावर घेतलं. ती म्हणली, "भिजवून, तेल लावून एकेक निघंल. मी वढ्यावरून पाणी आणते. तुमी फक्त लेकराला धरून बसा." फक्त धरून बसा. एवढंच काम होतं मला!

पण तिथंच जवळ धनगराचा तळ होता. म्हातारा धनगर गुडघ्यात मेंढी दाबून मोठ्या कातरीनं लोकर उतरवत होता, काळीभोर लोकर ढिगानं पडली होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेंढरं तर दिसभर गोखरातूनच हिंडतात! याच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? मी गणूला उचललं आन गेलो.

"बाबा, याच्या केसातलं गोखरू काढता का?"

म्हाताऱ्यानं बघितलं. "आण की. त्यात काय?"

मी लेकरू दिलं आन, खरं सांगतो, बाजूला झालो, कारण चिमी कोकराच्या तोंडात पिपाणी घालून राहिली होती. तिला सोडवलं, कोकराला सोडवलं, दोघांना बी समजावलं. मागं वळून बघतो तर म्हाताऱ्यानं गणूला मेंढीसारखं गुडघ्यात धरलं होतं, आन उजवी बाजू साफ! ज्वारी काढल्यावर रान दिसतं तशी. डावीकडं वेणी लोंबकळून राहिली होती. गणू गप्प. त्याला बी वाटलं असंल, आपली आता मेंढी झाली.

"थांबा! थांबा! अवो, जावळ हाय ते!"

म्हाताऱ्याच्या हातातून कातर पडली. "जावळ? ही पोरगी न्हवं?"

"पोरगं हाय!"

"मंग सांगायचं की रे! कानात डूल, डोक्यात वेणी, म्हणलं पोरीचे केस, येतील परत. गोखरू कुणी उपसत बसतं का? आमी कातरतोच!" त्याची म्हातारी पालातून बाहेर आली आन दोघांना बी धारेवर धरलं. "ह्याला डोळे न्हाईत आन तुला अक्कल न्हाई. लेकराचं जावळ मेंढराच्या कातरीनं काढतात व्हय रे, मुडद्यांनो?"

आन तेवढ्यात पाण्याची घागर घेऊन चिमीची माय आली.

ती वरडली असती तर बरं झालं असतं. तिनं घागर ठेवली, गणूच्या डोक्यावरून हात फिरवला आन खाली बसून केस येचायला लागली. जावळाचे केस इकडं तिकडं टाकायचे न्हाईत, गोळा करून पाण्यात सोडायचे. पण केस बी काळे आन लोकर बी काळी! धनगरीण तिच्या संगं बसली. "हा तुझ्या लेकराचा. हा न्हाई, ही आमची काळी मेंढी." चिमी बी बसली. असं सावलीत बसून तिघींनी एक पुरचुंडी बांधली. त्यात गणू किती आन मेंढी किती, हे फक्त नागनाथाला माहीत.

गाडी चालू झाल्यावर ती पहिल्यांदा बोलली. "मांडीचा मान होता त्याचा. तेवढाच राहिला होता द्यायला. आता काय तोंड दाखवू मी दादाला?"

मी म्हणलो, "कुंची घालू. म्हणू, ताप होता, वैद्यानं केस काढायला लावले."

"अर्ध्याच डोक्याला ताप होता?"

तरी कुंची बांधलीच.

साखरा

दिवस बुडता बुडता पोचलो. वहिनीनं, म्हणजे कोंडिबाच्या बायकोनं, भाकर-तुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. कोंडिबा ओट्यावर उभा होता, उंच, मिशा दाट. "या," म्हणला. पण बघून राहिला होता बैलांकडं. मी घसा साफ केला. वाटंनं मी एक भाषण बसवलं होतं, लई चांगलं होतं.

"मामा," चिमी म्हणली, "गणूचे केस मेंढीवाल्यानं कापले. बा दुसरीकडं बघून राहिले होते."

कोंडिबानं वाकून कुंचीची गाठ सोडली. आधी उजवी बाजू बघितली, मंग डावी. गणूनं त्याच्या मिशीला हात लावला. कोंडिबानं तो हात काढला न्हाई, पण म्हणला, "कुणाच्या मांडीवर बसवलं होतं?"

"मांडीवर न्हाई हो," मी घाईघाईनं म्हणलो, "गुडघ्यात दाबलं होतं." जसं काही त्यानं बरं वाटणार होतं!

कोंडिबा सरळ झाला. बहिणीकडं बघितलं. "म्हणजे हिथं बी माझी दुसरीच पंगत." आन आत गेला.

जेवायला अंबाड्याची भाजी आन ज्वारीच्या कण्या, वर लसणाचं तेल. आपण अंबाडा भाकरीसंगं खातो, तिकडं कण्यांवर घेतात. एकदा खाऊन बघाच. मी दोनदा घेतलं आन चिमीच्या मायनं काहीच घेतलं न्हाई, हे माझ्या ध्यानात दुसऱ्या येळंला आलं. 

सकाळी अंगणात पाट मांडला. भावकी जमली, कारण आवतनं आधीच गेली होती. न्हावी वस्तरा लावत बसला. कोंडिबा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा. पाटावर यायचं नाव न्हाई. लोक एकमेकांकडं बघायला लागले. वहिनी म्हणली, "अवं, या की." तो म्हणला, "झालंय की जावळ. आता उरलेलं कुणीबी काढंल."

चिमीची माय गणूला काखंत घेऊन माझ्याजवळ आली. "बैल जुपा," म्हणली. आवाजात राग न्हव्हता. राग असता तर मला सवय हाय. पण तिनं त्या अंगणाकडं असं बघितलं, जसं काही परत बघायला मिळणार न्हाई.

मला काय झालं मला माहीत न्हाई. मी फेटा काढला, न्हाव्यापुढं जाऊन बसलो. "घ्या, माझं डोकं घ्या. पोराची जी बाजू गेली, तीच. चूक पोराची न्हाई आन त्याच्या मायची बी न्हाई."

एक म्हातारी वरडली, "अगं बाई! जावयाचं डोकं! गावात त्वांड काढू देतील का आपल्याला?"

न्हावी कोंडिबाकडं बघायला लागला. कोंडिबा खांब सोडून पुढं आला. "अर्धं?"

"अर्धं."

"दाजी, डोकं फिरलंय का तुमचं?" मला वाटलं हसंल, पण न्हाई हसला. पाटावर येऊन मांडी घालून बसला, मिशा पिळल्या, आन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "आमच्याकडं मामाच्या मांडीवर बसल्याबिगर वस्तरा लागत न्हाई."

आता तो टोमणा होता, हे अंगणातल्या कोंबडीला बी कळलं. मला कळलं न्हाई. मला वाटलं, साखऱ्याचा रिवाज असंल! मी उठलो, गेलो आन त्याच्या मांडीवर बसलो. बराबर बसलो, सगळा भार टाकून.

"आरं आरं आरं! उठा! मोडली मांडी!"

वहिनी पदरात तोंड घालून खाली बसली. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. कोंडिबानं मला ढकलायला हात लावला आन त्याचा जोरच गेला, असा हसायला लागला, डोळ्यातून पाणी यायला लागलं. मी अजून मांडीवरच, कारण उठता बी येईना. "भिजव रे," तो न्हाव्याला म्हणला, "उजवी बाजू. सोडू नको याला."

केली. खरंच केली! गणूनं माझ्याकडं बघून जे रडायला सुरुवात केली ते थांबंना. कोंडिबानं हात पसरले. "आण ते लेकरू. त्याला म्हणावं, बापाची तर कापणी झाली, आता भिऊ नको." गणू त्याच्या मांडीवर गेला आन मिशी धरून गप्प झाला. उरलेली वेणी कोंडिबानं सोताच्या हातानं धरली, न्हाव्यानं वस्तरा फिरवला, वहिनीनं केस ताटात झेलले. चिमीच्या मायनं पुरचुंडी सोडून त्यातले बी ताटात टाकले. कोंडिबानं चिमटीत धरून बघितले. बहिणीला म्हणला, "गंगू, ही तर लोकर हाय."

"आसंल," ती म्हणली. "दोन्ही मिळून सोड." आन बहीण-भाऊ ताट घेऊन वढ्याकडं गेले. लई येळ आले न्हाईत.

न्हावी माझी डावी बाजू करायला निघाला, तर कोंडिबा आल्यावर म्हणला, "जेवणं होऊ दे आधी." आन मला हाताला धरून पहिल्या पंगतीत सोताच्या शेजारी बसवलं, उघड्या डोक्यानं. वाढणारी प्रत्येक बाई माझ्यापाशी येऊन वाढायची इसरायची. लोक शेजारच्या गल्लीतून येऊन डोकावून गेले. चिमी मला अभिमानानं दाखवत हिंडत होती.

निघायच्या दिवशी मी बैल जुपले, कासरा घेतला, तर कोंडिबा घोंगडी आन काठी घेऊन येतोय. म्हणलो, "शिवंपत्तोर येता का?" म्हणला, "तुमच्या हाती लेकरं कोण देतं? जवळ्यापत्तोर येतो." आन मला सरकवून पुढं बसला. गंगू बी पुढं सरकून एकदम त्याच्या बाजूला बसली. कयाधू गेली, हिंगोली आली, हिंगोली गेली. ते दोघं बोलून राहिले होते, कुणाची गाय व्याली, कुणाची पोरगी दिली, आईच्या शेवटच्या दुखण्यात काय झालं.  मी मागं, चकचकीत डोकं घेऊन, एका मांडीवर गणू, एकीवर चिमी.

"बा, माय मामासंगं येवढं काय बोलून राहिली?"

"मला काय माहीत."

"काहून?"

दोघांपैकी एकानं बी मागं वळून बघितलं न्हाई. माझे पाय पार मुंग्या येऊन मेले होते, पण मी लेकरांना हलू दिलं न्हाई.